आत्याबाईंची दृष्ट आणि माझं अर्धं जठर

मुलांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. आधी इंग्रजीत लिहून पाहिलं, पण यातली माणसं ज्या बोलीत बोलत होती ती इंग्रजीत उतरेना, म्हणून पहिल्याच पानावर ते बाजूला ठेवलं. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू द्या. अडलं तर आईबाबांना विचारा, पण सगळंच त्यांच्याकडून वाचून घेऊ नका.

आताच का लिहायला बसले, ते आधी सांगते. तुमच्यातल्या मधल्याचं पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. परवा तो मला फोनवर दिसला. हातात औषधाची असते तेवढी वाटी, तिच्यात पातळ सूप. म्हणाला, "आजी, चार चमचे झाले की संपलं. पाचवा घेतला तर इथे दुखतं." आणि त्याने छातीच्या मधोमध, जरा खाली, बोट ठेवलं. मग म्हणाला, "तुला नाही कळणार ते. तू आयुष्यभर सगळ्यांना वाढतच आली आहेस." त्याच्यामागे त्याची आई उभी होती आणि तिचा चेहरा पाहून मी तेव्हा काही बोलले नाही. पण त्याचं बोट बरोबर जागेवर होतं. ती जागा मला माहीत आहे. माझंही निम्म्याहून जास्त जठर काढलेलं आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

माझं ऑपरेशन वजनासाठी नव्हतं. मी तेव्हा काडीसारखी होते. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. अमरावतीला इंटरपर्यंत इंग्रजी घेऊन शिकलेली मी बुलढाण्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा तिथेच कोर्टात कारकून होते. आम्हाला अजून मूल नव्हतं. माझ्या पोटात जळायचं. उपाशीपोटी चहा, आठवड्यातले उपास, शाळेची घाई, यात ते जळणं अंगवळणी पडलं होतं. एके दिवशी वर्गातच रक्ताची उलटी झाली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. तिथे पोट उघडून जठराचा व्रण असलेला भाग काढून टाकला आणि उरलेला भाग खाली आतड्याला जोडून दिला.

नागपूरचं पहिलं पाणी मला अजून आठवतं. नाकातली नळी काढल्यावर सिस्टरने चमचाभर पाणी पुढे धरलं. म्हणाली, "प्यायचं नाही बाई, ओठ ओले करायचे." बाहेर नागपूरचं ऊन, घशाला कोरड, आणि समोर एक चमचा. ते पाणी आत गेलं तेव्हा एक थंड रेघ छातीतून खाली उतरली आणि नेहमीपेक्षा फार वर थांबली. जसं जिन्याच्या खाली अजून पायऱ्या असतील म्हणून पाय टाकावा आणि जमीनच लागावी. मग साबुदाण्याचं पाणी, भाताची पेज, पाणी घातलेलं दूध. भूक म्हणून लागत नव्हती. पोट भरल्याचं मात्र एकदम कळायचं. आताआतापर्यंत जागा आहे असं वाटतंय, आणि पुढच्याच घोटाला छातीवर आतून कोणी तळहात दाबून धरल्यासारखं.

घरी पाठवताना सर्जन म्हणाले, थोडं थोडं, पुष्कळदा, चावून चावून खा; जेवणाबरोबर पाणी पिऊ नका. आणि दारापर्यंत गेल्यावर मागे वळून म्हणाले, "अन्न ठरत नसेल, खाल्ल्यावर चक्कर येत असेल, तर ताबडतोब या. जोड आकसला असेल तर पुन्हा उघडावं लागेल." त्यांच्या सगळ्या सूचनांमधलं माझ्या डोक्यात एवढंच राहिलं: पुन्हा उघडावं लागेल. ते टाके, ती नळी, ती तहान पुन्हा. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मी मनात म्हणत होते.

बुलढाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत माझं करणारं कोणी नव्हतं. म्हणून मलकापूरला गाडीतून उतरून आजोबांनी मला एसटीने मोताळ्याला, सासरच्या घरी नेलं. घरी माझ्या सासूबाई होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत. मामंजी दिवसभर शेतात असत, त्यांचा या हकीकतीत फारसा भाग नाही. आणि धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मी पोचले त्याच्या थोडेच दिवस आधी तिला मुलगी झाली होती.

घरात आजारी माणसासाठी एकच खोली होती, स्वयंपाकघराला लागून, वर एक लहानसा झरोका असलेली. तिथे नणंदेची बाज होती. आत्याबाईंनी तिच्या शेजारी दुसरी टाकली, माझ्या पोटावरची पट्टी पाहिली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निकाल दिला.

"पोट उघडलं, शिवलं, अंग हललं. मंग बायंतपणात अन् यात फरक काय राह्यला? लेकरू नाई, एवढंच."

नणंद आपल्या बाजेवरून म्हणाली, "लेकरू माह्याकडून घे म्हना वहिनीले. रडते लय."

अशी मी बाळंतीण झाले. दवाखान्यातून पोटाला टाके घालून आलेल्या बाईचं काय करायचं, याचा त्या घराला एकच अनुभव होता आणि तो पुरेपूर होता. माझ्या डोक्याला फडकं बांधलं गेलं. फाल्गुन संपत आला होता, बाहेर फुफाटा तापलेला, आणि माझ्या बाजेखाली शेगडी. ओव्याची धुरी. पोटाला घट्ट पट्टा बांधण्याचाही बेत होता. तेवढा मी सर्जनचं नाव पुढे करून थांबवला. "इंग्रजीत सांगतलं का त्यानं?" आत्याबाईंनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या पट्टा घेऊन परत गेल्या.

खाण्याच्या बाबतीत मात्र त्यांना इंग्रजीची गरज नव्हती. थोडं थोडं आणि पुष्कळदा हे त्यांना सांगताच पटलं, कारण बाळंतिणीलाही तसंच देतात. प्रश्न काय द्यायचं एवढाच होता, आणि तो त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. सकाळी गुळाचा सांजा, वर तूप. दुपारी मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात. त्यानंतर कधी भूक लागली तर म्हणून झाकलेल्या वाटीत तुपात कुस्करलेला डिंकाचा लाडू. संध्याकाळी गूळ घालून अळिवाची खीर. सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः माझ्यासमोर पाट घेऊन बसत आणि चमच्या चमच्याने भरवत. तूप-गूळ दुसऱ्याच्या हाती देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुपारी शेतावरच्या भाकरी बांधायच्या असत, म्हणून तेव्हा वाटी ठेवून निघून जात.

बाळ पाहायला शेजारच्या बायका येत आणि दोन बाजा पाहून गोंधळत. एकीने मला विचारलंच, "अन् तुह्यं लेकरू कुठी आहे वं?"

आत्याबाईंनी माझ्याआधी उत्तर दिलं. "हिचं पोटच लेकरू आहे. चमच्यानं पाजा लागते, चमच्यानं वाढते." बायका हसल्या. मीही हसले, पण हळूच, टाक्यांना धरून.

पहिला झटका आला तेव्हा मी त्याला झटका म्हटलंही नाही. सकाळचा सांजा झाला. थोड्या वेळाने कानात शिट्टी वाजायला लागली. मग छातीत धडधड, इतकी की पदर हलताना दिसावा. हातांना कापरं आणि सर्वांगाला दरदरून घाम. आत्याबाई खूश झाल्या. "घाम आला! म्हणजे शेक लागून राह्यला." त्यांनी शेगडीत दोन निखारे वाढवले. मग पोटात गुडगुड सुरू झाली, मला धरून धरून परसात न्यावं लागलं, आणि परत आल्यावर मी अशी झोपले की दुपारपर्यंत कोणाला ओ दिली नाही.

संध्याकाळी खिरीनंतर पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. आता आत्याबाई खूश होईनात. त्यांनी शेगडी काढून टाकली, तरी घाम येतच राहिला. पाडव्याला कोणी कैरीचं पन्हं करून आणलं, म्हटलं तहान तरी भागेल. चार घोट घेतले आणि बाजेवरून उठता येईना. माझ्या डोक्यात सर्जनचा दारातला आवाज. खाल्ल्यावर चक्कर. जोड आकसला असेल. चमचा जवळ आला की मला तो चमचा दिसत नसे, ऑपरेशनच्या खोलीतला दिवा दिसे.

त्या रविवारी आजोबा घाट उतरून मोताळ्याला आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत झटका आला. ते माझा हात धरून बसले होते. घाम ओसरल्यावर ते बाहेर गेले आणि मला पडवीतून त्यांचा आवाज ऐकू आला.

"माय, पुढच्या रविवारी मी हिले नागपूरले घेऊन जातो. साहेबांकडून रजा मागून येतो."

"पुन्हा कापतीन तिले?"

"कापतीन तं कापतीन. डोयासमोर अशी कशी जाऊ देऊ?"

मी भिंतीकडे तोंड केलं. नणंदेने झोपलेलं बाळ उचलून माझ्या कुशीत आणून ठेवलं आणि स्वतःच्या बाजेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी माझी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. आमच्याकडे समज असा, की दृष्ट लागलेली असली तर मिरचीचा ठसका लागत नाही. तो इतका लागला की मी, नणंद, आत्याबाई आणि ते एवढंसं बाळ, चौघी खोकत खोकत अंगणात आलो. मला खोकताना टाके सुटतील की काय असं झालं.

नणंद डोळे पुसत म्हणाली, "माय, एवढा ठसका लागला. दृष्ट-बिष्ट काई नाई."

"बाहेरच्याची नाई," आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

त्या दिवसापासून त्या खोलीत येईनाशा झाल्या. वाटी उंबऱ्यावर ठेवत, तोंड दुसरीकडे करून, डोळ्यांवर पदर ओढून. आत काय चाललंय ते भिंतीपलीकडून विचारत. नणंद उठून वाटी आत घेई. मला वाटलं, मी आता परत नागपूरला जाणार, कदाचित वाचणार नाही, म्हणून त्यांनी मन काढून घेतलं. माणसं असं करतात. मी त्यांना दोष दिला नाही, पण वाईट फार वाटलं. जिने दात नसलेल्या मुलाला भरवावं तसं भरवलं होतं, तिचा आता नुसता बांगड्यांचा आवाज येत होता.

वाटीत काय आलं ते नणंद सांगायची. वरण-भात असला तर मी घ्यायची. खीर किंवा सांजा म्हटलं की मला धास्ती वाटायची, कारण सकाळ-संध्याकाळच्याच वाटीनंतर तो प्रकार होत होता. "मग घेते," म्हणून मी डोळे मिटायची. जागी होईपर्यंत वाटी परत गेलेली असायची. दुपारच्या लाडवाचंही पहिल्यापासून तसंच चाललं होतं; कधी न्यायचे ते मला कळायचंही नाही. मी समजायची, आत्याबाई न खाल्लेला नेतात.

आणि त्या आठवड्यात एकही झटका आला नाही. मला ते कळत होतं, पण बोलून दाखवायची भीती वाटत होती.

रविवारी आजोबा पिशवी भरूनच आले. मलकापूरहून रात्रीची गाडी होती. ते खोलीत येऊन माझी चादर गुंडाळायला लागले, तेवढ्यात दाराबाहेरून आत्याबाईंचा आवाज आला.

"तिले नागपूरले नेऊ नको."

"माय, आपलं ठरलं आहे ना?"

"तिचं पोट चांगलं आहे. वाईट मी आहे." आवाज फुटला. "मी समोर बसली की तिले होते. मी वाटी ठेवून गेली की नाई होत. लाडू पचते, सांजा पचते, खीर पचते, मी नसली की सगळं पचते. आठ दिस झाले, मी तिच्याकडे पाह्यलं नाई, अन् तिले काई झालं नाई. माहीच दृष्ट लागून राह्यली पोरीले. तिले बुलढाण्याले घेऊन जाय. माह्या डोयापुढून दूर ठेव, म्हणजे वाचन ती."

आजोबांच्या हातात माझी चादर तशीच. तेव्हा मला त्या पदराचा आणि त्या पाठमोऱ्या उभं राहण्याचा अर्थ कळला. मन काढून घेतलं नव्हतं. माझ्यासाठी त्या स्वतःच्या घरात डोळे झाकून वावरत होत्या.

आणि माझ्या शेजारच्या बाजेवर नणंद हमसून हमसून रडायला लागली. आधी मला वाटलं, आईसाठी रडते आहे.

"माय, तुह्या दृष्टीत एवढा दम असता तं मी कवाचीच वायून काडी झाली असती," ती रडत रडतच म्हणाली. "जल्मापासून मलेच पाहून राह्यली तू. लाडू मी खाल्ले."

"कोनते लाडू?"

"वहिनीचे."

"एखादा खाल्ला असशीन."

"सगळे खाल्ले. सांजाबी मीच खाल्ला अन् खीरबी मीच खाल्ली. वहिनी झोपली की मी खात होती. तिनं तं चमचाबी नाई लावला."

आत्याबाई पदर विसरून दारात आल्या. बाळाला जुलाब झाले म्हणून त्यांनी नणंदेचं गोड बंद केलं होतं, तिला नुसती बाजरीची भाकरी आणि लसूण चालू होता, आणि बाळाला पाजणाऱ्या त्या पोरीला सारखी भूक लागायची.

"बायंतीण आहेस का उंदीर आहेस वं तू?" आत्याबाई म्हणाल्या. "अन् लेकराचं पोट?"

"मजेत आहे लेकरू. तूच पाय."

आजोबा हसायला लागले होते, पण मध्येच थांबले. कोर्टात बसून बसून त्यांना उलटतपासणीची सवय लागली होती, घरात त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. ते चादर ठेवून बाजेच्या कडेला बसले आणि कोर्टाच्या भाषेत विचारू लागले.

"माय, तू हिच्यासमोर बसून भरवत होतीस, तेव्हा वाटीत काय असे?"

"सांजा. खीर."

"वरण-भात समोर बसून कधी भरवलास?"

"नाई. तेव्हा भाकरी बांधा लागत होत्या."

"म्हणजे तू समोर असलीस की वाटीत गोडच?"

"मंग! दुसरं काय देईन मी पोरीले समोर बसून?"

ते माझ्याकडे वळले. "पाडव्याला काय घेतलं होतं?"

"पन्हं," मी म्हटलं. "पण ते आत्याबाईंनी दिलं नव्हतं. त्या तेव्हा घरातही नव्हत्या."

पन्हं गोड होतं. इतके दिवस तो घोट माझ्या जिभेवर होता आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी नागपूरचा दिवा पाहत होते, आत्याबाई स्वतःचे डोळे पाहत होत्या. वाटीत काय आहे ते एकट्या नणंदेने पाहिलं होतं, आणि ती ते खाऊन टाकत होती.

गाडीला अजून वेळ होता. आजोबा म्हणाले, आता करूनच पाहू. झटका आला तर रात्रीच्या गाडीने निघू. वाटीत तिखटमिठाचं काहीतरी, आणि माय समोर. आत्याबाई नाहीच म्हणाल्या. त्या ज्वारीच्या कण्या शिजवायला तयार होत्या, त्यात ताक, मीठ आणि जिरं घालायला तयार होत्या, पण समोर बसायला तयार नव्हत्या. शेवटी नणंदेने त्यांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं.

मी पहिला चमचा तोंडात घेतला. आंबटसर, खारट, कोमट. किती दिवसांनी जिभेला मीठ बरं लागलं.

"पाय ना माय तिच्याकडे," नणंद म्हणाली.

"पाहून राह्यली."

"भिंतीकडे पाहून राह्यलीस."

आत्याबाईंनी मान वळवली. आधी वाटीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग घशाकडे. मी गिळलं की त्यांचाही घसा हलत होता. चार चमचे झाले. छातीच्या आत तो तळहात टेकला, तेव्हा मी चमचा ठेवला. मग आम्ही सगळे बसून राहिलो. कोणी माझ्या कपाळाकडे पाहत होतं, कोणी बोटांकडे. आजोबांनी नाडी धरली होती. त्यांना नाडीतलं काही कळत नव्हतं, पण ते अगदी गंभीर होते. आणि आत्याबाई आता माझ्या तोंडाकडे सरळ पाहत होत्या, पापणी न हलवता, जितकी दृष्ट लागायची असेल तितकी आत्ताच लागू दे अशा. इतका वेळ माझ्याकडे पुन्हा कधी कोणी पाहिलं नाही.

घाम नाही. धडधड नाही. कानात शिट्टी नाही. बाहेर गायी घरी परतल्याचा आवाज आला. आणि मग मला एक लहानसा ढेकर आला.

"आला वं माय, आला!" आत्याबाई ओरडल्या, जणू मुलगा झाला. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मग पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडून घेतलं. आजोबांनी पिशवीतली धोतरं काढून पुन्हा खुंटीला टांगली. नणंद हळूच म्हणाली, "मंग आता ते उरलेले लाडू कोनाचे?" आणि तिला एक धपाटा बसला. लाडू मात्र तिलाच मिळाले.

पुढे तपासायला नागपूरला गेलो तेव्हा सर्जनने सगळं ऐकून घेतलं. जोड आकसलेला नव्हता. ते म्हणाले, गोड तुमच्या जठरात थांबत नाही, ते सरळ आतड्यात उतरतं आणि अंग घाबरतं. पुष्कळांना असं होतं, हळूहळू कमी होतं. आत्याबाईंनी विचारायला सांगितलं होतं म्हणून आजोबांनी चाचरत विचारलं, की घरच्या माणसाची नजर लागून असं होऊ शकतं का. सर्जन म्हणाले, घरच्या माणसाची नजर असल्यामुळेच या इतक्या बऱ्या दिसतात. मोताळ्याला येऊन आम्ही ते सांगितलं. आत्याबाईंनी ते गावभर सांगितलं.

नंतरचे आठवडे शिकण्यात गेले. ताक घोटाघोटाने, जेवणापासून दूर. भाकरीचा आधी नुसता पापुद्रा, तो तोंडात विरघळेपर्यंत. मग मऊ मेथी, मग वांगं, साल काढून. एखाद्या दिवशी घास अडायचा आणि मी उभी राहून भिंतीला टेकायची, तो आपोआप खाली जाईपर्यंत. हे तुझ्याही वाट्याला येईल, मधल्या. घाबरू नकोस. पाणी पिऊन ढकलू नकोस, नुसता उभा राहा.

त्या घरात देवाचा नैवेद्य झाल्याशिवाय कोणी घास घेत नसे, आणि सुना सगळ्यांच्या शेवटी जेवत. मी तिथे होते तोवर माझी सकाळची वाटी सगळ्यांच्या आधी यायची, देवाच्याही. मामंजींनी एकदा विचारलं. आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "देवाले थांबता येते. हिच्या पोटाले नाई येत." नंतर बुलढाण्याहून सणाला गेले की पुरणपोळी सगळ्यांच्या पानात असे आणि माझ्या पानात नसे. पण पुरणाच्या डाळीचं वरचं पाणी त्या सगळ्यांत आधी माझ्यासाठी काढून ठेवत आणि त्याची झणझणीत आमटी करत. गोड खाऊ घालून माया करणाऱ्या बाईला ते सोपं गेलं नसेल. दोन वर्षांनी तुमच्या बाबाचा जन्म झाला आणि मी खरीखुरी बाळंतीण झाले, तेव्हाही त्यांनी मला एक लाडू दिला नाही. तिळाची चटणी, बाजरीची भाकरी आणि लसूण यावर मी ते बाळंतपण काढलं, आणि तब्येत उत्तम राहिली.

आता यातलं काय राहिलं आहे ते सांगते. आत्याबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तुमचे आजोबाही नाहीत. मोताळ्याचं घर पाडून तिथे दुकानं झाली. नणंद आहे, खामगावला असते, तिला अजूनही खूप भूक लागते. माझ्या पोटावरचा वण आहे, फिकट झालेला. आणि उरलेलं जठर आहे. आज सकाळी त्यात चतकोर भाकरी आणि वांग्याची भाजी गेली, आणि ठरली.